ओतूर परिक्षेत्र: बिबट्या, पिंजरा आणि सरकारी निधी

ओतूर हे जुन्नर तालुक्यातले मांडवी नदीकाठचे बाजारपेठेचे गाव. कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा महामार्ग गावाजवळून जातो. कांद्याचा बाजार आणि कपर्दिकेश्वराची श्रावणातली यात्रा यांसाठी ओतूर पंचक्रोशीत ओळखले जाते. वनखात्याच्या कागदपत्रांत मात्र ओतूर हे एका वनपरिक्षेत्राचे नाव आहे. हे परिक्षेत्र जुन्नर वनविभागात मोडते आणि जुन्नर, आंबेगाव, खेड व शिरूर हे चार तालुके या विभागाच्या कक्षेत येतात. गेल्या पंचवीस वर्षांत माणूस आणि बिबट्या यांच्या संघर्षावर राज्यात जेवढी चर्चा झाली, तिचा मोठा भाग याच चार तालुक्यांभोवती फिरतो. या संघर्षाला प्राणिशास्त्राची बाजू आहे, तशीच हिशेबाचीही आहे. सुरक्षेसाठी सरकारी पैसा कधी आला, कोणत्या शीर्षाखाली आला आणि कोणत्या कामाला कधीच पुरेसा मिळाला नाही, हे पाहिले की या प्रश्नाचा बराचसा इतिहास उलगडतो.

संघर्षाची मुळे सिंचनात आहेत. कुकडी प्रकल्पात माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि डिंभे ही पाच धरणे उभी राहिली. कालव्यांचे पाणी फिरले तशी बाजरी-मटकीची कोरडवाहू जमीन उसाखाली गेली. पाठोपाठ जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने आले. ऊस दहा-बारा महिने, आडसाली असेल तर त्याहून जास्त काळ रानात उभा राहतो. त्यात गारवा असतो, आडोसा असतो, पाण्याचे पाट जवळ असतात आणि तोडणीपर्यंत आत कोणी फिरकत नाही. बिबट्याच्या मादीला पिल्ले घालायला याहून सोयीची जागा सह्याद्रीच्या उघड्या डोंगरउतारावरही मिळत नाही. वस्त्या मळ्यामळ्यांत विखुरलेल्या, प्रत्येक वस्तीवर गोठा, शेळ्या, कोंबड्या आणि दोन-चार कुत्री. डोंगरापलीकडच्या अकोले तालुक्यातल्या शेतीप्रदेशात पुढे जो अभ्यास झाला, त्यात बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला आणि १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले. तिथे राखीव जंगल नव्हते. होती ती शेती आणि वस्ती.

बिबट्यावर सरकारी पैसा खर्च होण्याची प्रथा मात्र उसाच्या कितीतरी आधीची आहे. ब्रिटिश अमदानीत वाघ-बिबट्या मारणाऱ्याला बक्षीस मिळे आणि हिंस्र श्वापदांनी मारलेल्या माणसांचे आकडे दरवर्षी अहवालात छापले जात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यवहार उलटा केला. बिबट्या पहिल्या अनुसूचीत गेला आणि राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला मारणे गुन्हा ठरले. आधी सरकार मेलेल्या बिबट्याचे पैसे देत होते, नंतर बिबट्याने मारलेल्या शेळीचे देऊ लागले. दोन्ही काळांत पैसा हलायचा तो घटना घडून गेल्यावर, आणि ही सवय पुढेही सुटली नाही.

जुन्नरच्या प्रश्नाला तीव्र रूप आले ते २००१ ते २००३ या काळात. माणसांवरचे हल्ले वाढले, रास्ता रोको झाले आणि वनखात्यावर ‘काहीतरी करा’ असा दबाव आला. खात्याने पिंजरे लावले. पिंजरा लोखंडाचा, आत शेळी बांधायला वेगळा कप्पा, सावजाकडे झेपावताच खाली पडणारे दार. गावातल्या वेल्डरलाही जमेल अशी ही वस्तू. खरेदी सोपी, खर्च एकदाच, आणि पकडलेला बिबट्या लोकांना डोळ्यांनी दिसतो. सरकारी सुरक्षेच्या साधनांमध्ये पिंजऱ्याइतके लोकप्रिय साधन दुसरे नाही, त्याचे कारण बहुधा हेच. या काळात विभागात शंभरावर बिबटे पकडले गेले. त्यांतले काही कायमचे बंदिवासात गेले आणि बरेचसे वीसपासून नव्वद किलोमीटरपर्यंतच्या जंगलांत सोडून देण्यात आले.

या उपायाचा परिणाम काय झाला, हे मोजण्याचे काम सरकारी योजनेत नव्हते. ते केले विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. पकडलेल्या बिबट्यांच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप बसवून कोणता प्राणी कुठून कुठे गेला याची नोंद ठेवायची पद्धत त्यांनी जुन्नरमध्ये सुरू केली. या नोंदी आणि हल्ल्यांचे जुने-नवे आकडे मिळून जो निबंध तयार झाला, तो २०११ मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’ या नियतकालिकात आला. स्थलांतराची मोहीम सुरू होण्याआधी जुन्नर विभागात वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, मोहिमेनंतर ते १७ झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. हल्ल्यांत माणूस दगावण्याचे प्रमाणही वाढले होते. अनोळखी मुलखात सोडलेला बिबट्या परतीची वाट शोधतो, वाटेत त्याची माणसांशी गाठ पडते, आणि त्याच्या रिकाम्या झालेल्या हद्दीत दुसरे तरुण बिबटे शिरतात. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या खर्चातूनच धोका वाढला होता, आणि ते कळायला जवळजवळ दशक गेले. त्या मानाने मोजणीचा खर्च किरकोळ होता. तो वेळेवर आणि खात्याच्या स्वतःच्या अंदाजपत्रकातून झाला असता तर पिंजऱ्यांची दिशा लवकर बदलली असती, असे मानायला जागा आहे.

२०११ मध्येच केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मानव-बिबट संघर्षाच्या हाताळणीची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि सरसकट पकडून दूर सोडण्याला लगाम घातला. तत्पूर्वी २००९ मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरला विहिरीत पडलेल्या एका नर बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात, ओतूरच्या पश्चिमेला, सोडले गेले होते. तो चालत चालत मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोचला. सुमारे १२० किलोमीटरची वाट त्याने महिन्याभरात कापली, कोणाला इजा न करता. ‘आजोबा’ हे त्याचे नाव पुढे चित्रपटामुळे घरोघर गेले. पट्ट्यांच्या या अभ्यासात नॉर्वेच्या निसर्ग संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ सहभागी होते, आणि त्यात पट्टे बांधलेल्या बिबट्यांची संख्या पाचच्या आसपास राहिली. ज्या प्राण्यासाठी चार तालुक्यांत वर्षानुवर्षे पिंजरे लागत होते, त्याच्या हालचालींची खात्रीची माहिती इतक्या थोड्या जनावरांवर उभी होती.

पकडलेल्या आणि सोडता न येणाऱ्या बिबट्यांसाठी जुन्नरजवळ माणिकडोहला निवारा केंद्र उभे राहिले. २००७ पासून ‘वाइल्डलाइफ एसओएस’ ही संस्था वनखात्याबरोबर त्याच्या कामात आहे. बंदिस्त बिबट्या दहा-पंधरा वर्षे जगतो, त्याला रोज मांस लागते, औषधपाणी लागते, पशुवैद्य लागतो. पिंजऱ्याचा खर्च एकदा होतो, बिबट्याचा रोज. त्यामुळे केंद्राची क्षमता चाळीसच्या आसपास अडकून राहिली आणि प्रत्येक नव्या हल्ल्यानंतर ‘पकडलेला ठेवायचा कुठे’ हा प्रश्न नव्याने उभा राहिला. २०२४ मध्ये इथले १० बिबटे गुजरातेत जामनगरच्या खासगी प्राणिकेंद्रात पाठवण्यात आले, ते याच अडचणीतून. माणिकडोह केंद्राच्या पथकाचे एक काम मात्र जवळजवळ बिनखर्ची आणि फार परिणामकारक ठरले. ऊसतोडीत सापडलेली पिल्ले तपासून, संध्याकाळी त्याच रानात प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये ठेवायची, जवळ ट्रॅप कॅमेरा लावायचा आणि मादी येऊन ती उचलून नेईपर्यंत थांबायचे. पिल्ले हरवलेली मादी वस्तीभोवती घुटमळत राहते, हे तोडणी कामगारांनाही ठाऊक असते.

सरकारी पैशाच्या वाटा इथे समजून घ्याव्या लागतात. पहिली वाट नुकसानभरपाईची. बिबट्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर वारसांना मिळणारी रक्कम महाराष्ट्रात २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाख आणि २०२३ मध्ये २५ लाख रुपये झाली. त्यातले १० लाख तातडीने आणि उरलेले मुदत ठेवीत. ही रक्कम देणे शासनावर बंधनकारक आहे. निधी नाही म्हणून ती नाकारता येत नाही, फार तर उशीर होतो. दुसरी वाट जिल्हा नियोजन समितीची. पिंजरे, वाहने, ट्रॅप कॅमेरे, बॅटऱ्या, जाळी, सौर कुंपण हे सगळे या वार्षिक आराखड्यातून किंवा खात्याच्या योजनांतून यायचे. त्यासाठी प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा अशी साखळी लागते आणि ३१ मार्चला न खर्चलेला पैसा परत जातो. तिसरी वाट कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीची, म्हणजे चाकण-रांजणगावच्या उद्योगांनी मनावर घेतले तर. पहिली वाट कायद्याने बांधलेली आहे, दुसरी पालकमंत्री आणि आराखड्याच्या आकारमानावर अवलंबून आहे, तिसरी मर्जीवर. धोका टाळायचा खर्च नेमका शेवटच्या दोन वाटांवर पडतो.

दाखवण्याजोग्या कामाला यापेक्षा लवकर पैसा मिळतो. २०२२-२३ च्या राज्य अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी जुन्नर तालुक्यात बिबट सफारीसाठी ६० कोटी रुपयांची घोषणा केली. सफारीसाठी जागा पुढे आली ती ओतूरजवळच्या आंबेगव्हाणची. पर्यटनाची योजना म्हणून तिला विरोध करण्यासारखे फारसे काही नाही, स्थानिकांनी ती हवीच असल्याचे वारंवार सांगितले आहे. पण ज्या परिक्षेत्रात सफारी व्हायची, तिथल्याच शेतकऱ्याला त्या वर्षी रात्रीच्या लाइटीवर उसाला पाणी भरायला जावे लागत होते. थ्री-फेज वीज दिवसा द्या ही मागणी बिबट्याच्या प्रश्नातली सर्वांत जुनी आणि सर्वांत साधी मागणी आहे. तिचा खर्च वनखात्याच्या शीर्षात बसत नाही, ऊर्जा खात्याच्या शीर्षात ती सुरक्षेची बाब ठरत नाही, आणि म्हणून ती दोन्हीकडे फिरत राहिली.

यंत्रांचा काळ याच पार्श्वभूमीवर आला. आधी आली ‘ॲनायडर’ यंत्रे: सौर पॅनेलवर चालणारी, हालचाल टिपताच दिवे चमकवणारी आणि वेगवेगळे आवाज काढणारी. मग थर्मल ड्रोन आले. त्यानंतर कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे आले. चित्रात दिसणारा प्राणी बिबट्या आहे की कुत्रा, हे संगणक ठरवतो आणि बिबट्या असेल तर भोंगा वाजवतो, मोबाइलवर संदेश पाठवतो. राज्यात हा प्रयोग आधी चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबालगतच्या सीतारामपेठ गावात वाघासाठी झाला होता. जुन्नरमध्ये बिबट्यासाठी अशी यंत्रणा मागितली जाऊ लागली आणि २०२५ च्या अखेरीस तर प्रत्येक सरकारी बैठकीच्या निर्णयांत तिचे नाव येऊ लागले.

या कॅमेऱ्यांची खरी कसोटी खरेदीनंतर सुरू होते. समजा, वस्तीच्या तोंडावर लावलेल्या कॅमेऱ्यासमोर रात्रीत दोनशे वेळा काहीतरी हलते: कुत्रे, मांजर, वाऱ्यावर डोलणारा ऊस, मोटारसायकलचा प्रकाश. संगणक शंभरात दोनदाच चुकतो असे धरले तरी रात्रीत चार खोटे भोंगे वाजतात, महिन्याला एकशेवीस. त्याच महिन्यात बिबट्या खरोखर दोन-तीनदाच येतो. पंधरवड्यात वस्तीवरची माणसे भोंग्याकडे कान देणे सोडतात, आणि मग कोणीतरी वायर काढून ठेवतो. उलट, भोंगा कमी वाजावा म्हणून यंत्राला कडक केले तर खरा बिबट्या निसटतो, आणि ‘यंत्र आहे’ या भरवशावर मूल अंगणात असते. चूक कोणत्या बाजूला किती चालेल, हे ठरवायला त्याच गावात, त्याच उसात, पावसाळ्यात आणि धुक्यात महिनोन्‌महिने चाचणी घ्यावी लागते, प्रत्येक खऱ्या-खोट्या भोंग्याची नोंद ठेवावी लागते आणि ती नोंद यंत्र विकणाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणी तपासावी लागते. स्थलांतराच्या मोहिमेत नेमके हेच राहून गेले होते. निविदेत कॅमेऱ्यांची संख्या असते, हमीची वर्षे असतात. स्वतंत्र चाचणी ही वस्तू नसल्यामुळे तिला दरपत्रक नाही.

ही अडचण एकट्या जुन्नरची नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये ‘इंडिया एआय मिशन’ मंजूर केले, त्याचे आकारमान पाच वर्षांसाठी १०,३७१.९२ कोटी रुपये. त्यातला सर्वांत मोठा हिस्सा, ४,५६३.३६ कोटी, संगणकीय क्षमतेसाठी आहे. ‘सुरक्षित आणि विश्वासार्ह एआय’ या स्तंभासाठी ठेवलेली रक्कम २०.४६ कोटी आहे, म्हणजे साधारण पाचशे रुपयांत एक रुपया. जानेवारी २०२५ मध्ये भारताची एआय सुरक्षा संस्था जाहीर झाली ती याच स्तंभाखाली. तिला स्वतंत्र मोठी प्रयोगशाळा न देता काम निरनिराळ्या शिक्षणसंस्थांत वाटून देण्याचा मार्ग निवडला गेला. परदेशातही चित्र फार वेगळे नाही. ब्रिटनने २०२३ मध्ये या कामासाठी आरंभी १० कोटी पौंड बाजूला काढले, ते अपवाद म्हणावे इतके ठळक आहे. अमेरिकेच्या सुरक्षा संस्थेला २०२४ च्या अर्थसंकल्पात १ कोटी डॉलर मिळाले, आणि ती ज्या राष्ट्रीय मानक संस्थेत होती तिच्या इमारतींची छपरे गळत असल्याच्या बातम्या त्याच सुमारास छापून येत होत्या. या संस्थांचे काम मुख्यतः मोठ्या भाषिक प्रतिमानांच्या तपासणीचे. उसाच्या बांधावरचा कॅमेरा त्यांच्या कक्षेत अजून आलेला नाही, आणि वनखात्याकडे त्यासाठी माणूस नाही. दोन्हींच्या मध्ये ही तपासणी बेवारस राहिली आहे.

त्यातच २०२५ च्या अखेरीस या तंत्राने उलट बाजूनेही त्रास दिला. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली बिबट्याची खोटी छायाचित्रे आणि चित्रफिती पुणे जिल्ह्यात मोबाइलवर फिरल्या. कुठे गृहसंकुलाच्या दारात, कुठे रस्त्याच्या कडेला बिबट्या बसलेला. वनखात्याची आधीच अपुरी पथके अशा ठिकाणी धावली आणि शेवटी खात्याला कारवाईचा इशारा द्यावा लागला.

हे सगळे घडत असताना शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड-जांबुत परिसरात १२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत तिघांचा जीव गेला, त्यांत दोन मुले होती. संतप्त जमावाने वनखात्याचे वाहन पेटवले, पुणे-नाशिक महामार्ग अडवला. दोन दिवसांत नेमबाजांनी एका बिबट्याला गोळी घातली. पिंपरखेडच्या बायाबापड्यांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे बांधून शेतात जायला सुरुवात केली. जिथे सरकारी साधन पोचले नाही, तिथे गावाने स्वतःच्या खर्चाने शोधलेले हे साधन. त्यानंतर मुख्यमंत्र्यांनी हा संघर्ष ‘राज्य आपत्ती’ म्हणून जाहीर करण्याचा प्रस्ताव आणण्यास सांगितले. त्यामागेही पैशाचाच हिशेब आहे. आपत्ती ठरली की आपत्ती निवारणाचा निधी वापरता येतो, निविदांची मुदत आखडता येते आणि जिल्हाधिकाऱ्यांना थेट आदेश देता येतात. केरळने मार्च २०२४ मध्ये हेच केले होते.

डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. त्याच अधिवेशनाच्या दिवसांत वनमंत्री गणेश नाईक यांनी एक वेगळाच हिशेब मांडला. चार माणसे गेली तर एक कोटीची भरपाई द्यावी लागते, त्यापेक्षा एक कोटीच्या शेळ्या जंगलात सोडाव्यात. या विधानाची पुष्कळ थट्टा झाली. ऊस हेच घर मानणारा बिबट्या शेळीसाठी डोंगरात जाईल का, हा आक्षेप रास्तच आहे. तरी भरपाईची रक्कम आणि प्रतिबंधाची रक्कम एका वाक्यात शेजारी ठेवण्याचे काम या चर्चेत इतक्या उघडपणे क्वचितच झाले होते.

याच सुमारास केंद्राने जुन्नर भागातल्या पाच बिबट्यांवर प्रजनन-नियंत्रणाचा प्रयोग करायला परवानगी दिली. प्रयोगासाठी बिबट्या पकडावा लागतो, लस टोचावी लागते, पुन्हा सोडावा लागतो आणि मग काही वर्षे त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. पकडण्याचा आणि टोचण्याचा खर्च एका आर्थिक वर्षात बसतो. लक्ष ठेवण्याचा खर्च दरवर्षीच्या आराखड्यात नव्याने मागावा लागेल.